घसा बसला तेव्हा
पोथीच्या पानांना कापराचा वास आला, की मला वाईची धर्मशाळा आठवते. लढाईच्या त्या वर्षांत मी तिथल्या शाळेत नवी मास्तरीण होते आणि दुपारी धर्मशाळेतल्या म्हाताऱ्या बायकांना पोथी वाचून दाखवायची. त्यांतल्या एकीचा मुलगा लढाईत गेला होता. तशी तार आल्यापासून ती कुणाशी बोलत नव्हती, नुसती भिंतीला टेकून ऐकायची. एकदा वाचता वाचता माझा घसा बसला. मी थांबले, तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं पोरी, फुडलं मी म्हनते." तिला अक्षरओळख नव्हती, पण पुढच्या ओव्या तिनं तोंडपाठ म्हटल्या. सगळ्या बायका तिच्याजवळ सरकल्या. दुसऱ्या दिवशी माझा आवाज मोकळा झाला होता, तरी मी म्हटलं, "मावशी, घसा अजून बसलेलाच आहे." त्या खोट्याचं मला आजही समाधान वाटतं.