डॅशहुंडच्या पाठीमागे

चार माणसं मिळून एखादं भलं काम करायला घेतात ना, तेव्हा काम होतं थोडं आणि किस्से होतात ढीगभर! ऐंशीच्या दशकात आमचंही तसंच झालं. उपनगरांत ज्यांच्या घरी डॅशहुंड होते, अशा आम्ही काही जणांनी एक मंडळ काढलं होतं. डॅशहुंड म्हणजे तो लांबलचक, आखूड पायांचा कुत्रा. देवाने पाठ दिली दोन कुत्र्यांची आणि पाय दिले अर्ध्याचे! वजन वाढलं, जिने चढले, सोफ्यावरून उड्या मारल्या, की मणका सरकतो आणि मागचे पाय जातात. आमचे जनावरांचे डॉक्टर दळवी हे सगळ्यांना सांगून थकले होते. मग दर रविवारी घरोघरी जाऊन सांगायचं काम आमच्यावर आलं. आम्ही म्हणजे शाळेत पीटी शिकवणारी सुषमा राणे, अंधेरीचा सावंत आणि मुलुंडचा मी.

* * *

पहिलं शिबिर घाटकोपरला, एका शाळेच्या हॉलमध्ये. बोर्ड रंगवायचं काम सावंतकडे. त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'पाठीच्या दुखण्यावर मोफत सल्ला'. कुत्र्यांचा उल्लेखच नाही!

"डॅशहुंड कसं लिहायचं कळेना रे, म्हणून गाळलं," सावंत म्हणाला.

सकाळी हॉल खच्चून भरला. कुत्रे मोजके आणि आजी-आजोबा अख्ख्या घाटकोपरचे! "अहो, मी जनावरांचा डॉक्टर," दळवी हात जोडून सांगत होते. बरेच जण उठले. एक वजनदार आजी मात्र खुर्चीवरून हलेचना.

"एवढा वेळ रांगेत बसलेय. कुत्र्यांना सांगता तेच मला सांगा!"

डॉक्टरांनी सांगितलं. वजन कमी करा, जिने टाळा, उड्या मारू नका.

काही महिन्यांनी आजी पेढे घेऊन दवाखान्यात हजर! "कंबर झकास झाली, डॉक्टर! आता आमच्या ह्यांना कधी आणू?"

* * *

आमच्या पिंकीसाठी मी नर शोधत होतो. मंडळाचा नियम कडक होता. ज्याच्या घराण्यात पाठीचं दुखणं, त्याच्याकडून पिल्लं नकोत. आमच्या बिल्डिंगमध्ये फोन फक्त देसाईकाकूंकडे. तिथूनच मी बोरिवलीच्या एका मालकाशी बोलत होतो.

"रंग कसाही असू दे हो. पाय आखूड असले तरी चालतील. पण मुलाच्या आईवडिलांची पाठ गेलेली नको. आजोबांचं पण विचारून ठेवा."

काकू भाजी निवडत होत्या. हात थांबला होता.

आता, माझी बहीण मीना तेव्हा लग्नाची होती. दुसऱ्याच दिवशी काकू आमच्या घरी आल्या, बरोबर एका मुलाचा फोटो.

"माझा भाचा. बँकेत आहे. उंची जेमतेम, पण पाठ बघा, कशी ताठ आहे!"

मीनाने फोटो निरखून बघितला आणि म्हणाली, "काकू, आणि आजोबांची?"

* * *

दवाखान्यातला वजनाचा काटा बिघडला, तेव्हा सुषमा तिच्या राजाला घेऊन सरळ मुलुंड स्टेशनवर गेली. तिथलं ते दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन! राजाला वर उभं केलं, नाणं टाकलं. तिकीट बाहेर आलं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

तेवढ्यात मागून टीसी. "मॅडम, कुत्र्याचं तिकीट?"

सुषमाने तेच तिकीट त्याच्या हातात ठेवलं!

टीसीने उलटं करून मोठ्याने वाचलं, "लवकरच आपण मोठी उंची गाठाल." मग त्याने राजाकडे बघितलं. राजाच्या पायांकडे बघितलं.

"मॅडम, मशीन खोटं बोलतं," म्हणाला, आणि तिकीट परत देऊन चालू लागला.

* * *

सावंत राहायचा वरच्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यामुळे तो बंड्याला दोन्ही हातांवर आडवा धरून जिने चढायचा. एकदा मालवणहून सासूबाई आल्या. जावई पुढे, हातात बंड्या. सासूबाई मागे, हातात स्वतःची पिशवी आणि फणस!

मधल्या मजल्यावर त्यांनी फणस खाली ठेवला, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! माझो जावय कुत्र्याक उचलून वर नेता, आणि माका म्हणता चल! पुढच्या जल्माक माका लांबडो कुत्रो कर रे म्हाराजा!"

सगळ्या मजल्यांवरून दारं उघडली आणि आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

* * *

खारदांड्याच्या हिरामावशीकडे डॅशहुंड कसा, असं सगळे विचारायचे. ती ज्या बंगल्यात मासळी द्यायची, ते लोक परदेशी गेले आणि शेरूला तिच्या ओटीत घालून गेले. जीव लावला तिने त्याला. आणि एके दिवशी त्याचे मागचे पाय गेले.

डॉक्टर म्हणाले, "खोक्यात ठेवायचं. पूर्ण आराम. तरी नाही उठला तर..."

"पुढचं बोलू नको, डॉक्टर," मावशी म्हणाली.

घरी नातवंडं त्याला उचलायची. म्हणून मावशी त्याला खोक्यात घालून बाजारात आपल्या शेजारी ठेवू लागली. गिऱ्हाईक आधी शेरूची तब्येत विचारायचं, मग भाव करायचं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आम्ही पाळीपाळीने जाऊन त्याचे पाय हलवायचो. सुषमा पीटीच्या आवाजात, "एक, दोन! एक, दोन!" पाय मात्र लोंबतेच. एका संध्याकाळी सुषमाच पाठ वळवून डोळे पुसताना दिसली.

मग तो रविवार. डॉक्टर तपासायला आले होते. खोक्याची पुढची फळी काढलेली. मावशी एका सफारीवाल्या साहेबांशी भांडून भांडून भाव ठरवत होती. शेवटी जमलं. तिने एक मोठं पापलेट बाजूला काढून ठेवलं.

आणि शेरू उठला.

चारही पायांवर! दारू प्यायल्यासारखा झुलत, पडत, सावरत पाटीपर्यंत गेला आणि ते पापलेट तोंडात धरून तिथेच बसला.

सगळा बाजार भोवती जमला. डॉक्टर चष्मा काढून उगाच पुसत होते. सुषमा तर हमसून रडायलाच लागली. मावशीने तोंडाला पदर लावला.

साहेब म्हणाले, "अहो, ते पापलेट माझं होतं!"

मावशीने डोळे पुसले.

"होतं!" ती म्हणाली.