पागनिसांचा घरचा पाळणा

इंदूरच्या मल्हारगंजात लक्ष्मीकांत पागनीस यांचं लाकडी पाळण्यांचं दुकान आहे. पणजोबा होळकरांच्या पागेत हिशेबनीस होते. घोडे दरबारचे, चंदी दरबारची, रुबाब तेवढा पागनिसांचा. म्हणजे दुसऱ्याची वस्तू ऐटीत वापरण्याची विद्या घराण्यात मुरलेली. आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला देणं मात्र लक्ष्मीकांतजींना साठी उलटल्यावर शिकावं लागलं. मी त्यांचा वरच्या खोलीतला भाडेकरू, म्हणून हे विनयानंच सांगतो.

झालं असं की पाळणे विकले जात नव्हते. आपल्या घरांत पाळणा विकत घेतो कोण? तो मावशीकडून आत्याकडे आणि आत्याकडून शेजारणीच्या सुनेकडे फिरतो, आणि जितकी पोरं त्यात वाढतील तितका तो लाभाचा. गल्लीतल्या मावशा मिळून एक ॲपच चालवत होत्या म्हणा ना, तेही फुकट.

मग स्वानंद आला. वस्तू भाड्यानं देणाऱ्या एका ॲपचा हा तरुण प्रतिनिधी पोह्यांची प्लेट हातात घेऊनच दुकानात शिरला. "काकाजी, बेचने का जमाना गया. लोकांना पाळणा नको असतो, झोपलेलं बाळ हवं असतं."

"तेही आम्हीच पुरवायचं?" लक्ष्मीकांतजींनी विचारलं.

तरी त्यांनी चकचकीत पॉलिश केलेले नवे पाळणे ॲपवर चढवले. बुकिंग एकही नाही. विचारणा मात्र भरपूर, आणि सगळ्यांची एकच: यात आधी कोणाचं बाळ झोपलंय का? जन्मलेल्या बाळाला जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळणारी आजी कोऱ्या पाळण्याला कशी हो म्हणेल? कंपनीनं 'एकदम नया' ही श्रेणी सगळ्यांत वर ठेवली होती. आज्यांनी यादी उलटी धरली.

वैतागून लक्ष्मीकांतजींनी माळ्यावरून घरचा सागवानी पाळणा उतरवला. यात त्यांचे वडील झोपले, ते स्वतः झोपले, मुलगी मानसी झोपली. गिऱ्हाईक निदान दुकानाकडे वळावं म्हणून त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'तीन पिढ्यांनी वापरलेला.' हातातला चहा संपायच्या आत तो बुक झाला. नाही म्हणावं तर ॲप दुकानाला तळाला ढकलणार. मानसी तेव्हा पोटुशी होती, पण मुदत तिच्या बाळाच्या बारशाआधी संपत होती. त्यांनी पाळणा धाडला आणि बायकोला, इंदिराबाईंना, सांगितलं, "पॉलिशला दिलाय."

"पोरांचा हात लागून गुळगुळीत झालेला पाळणा, त्याला कसलं पॉलिश?" त्या म्हणाल्या.

मानसीला मुलगा झाला. बारसं रविवारी ठरलं. आणि पाळणा परत यायचा त्या दिवशीच मोबाईल वाजला: 'बधाई हो! ग्राहकाने मुदत वाढवली आहे.' ग्राहकाला नुसतं बटण दाबायचं असतं. मालकानं बधाई स्वीकारायची असते.

त्यांनी स्वानंदला फोन लावला. "अरे, नातवाचं बारसं आहे माझ्या!"

"अभिनंदन, काकाजी! मग तुम्हीपण बुक करा ना. वेटिंगमध्ये टाकू?"

शेवटी स्कूटर काढून ते स्वतःच ग्राहकाच्या पत्त्यावर, राजेंद्र नगरला निघाले. पाळणा परत मागायचं भाषण रस्ताभर घोकलं. दार उघडलं ज्ञानदीपजींनी. महूच्या फौजी घराण्यातले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. पाळणेवाले आलेत म्हटल्यावर ते खूश. "फीडबॅक घ्यायला थेट घरी? वाह भिया, याला म्हणतात सर्व्हिस!"

आतून त्यांच्या सुनेनं, संबोधीनं, ओठांवर बोट ठेवलं. पाळण्यात मुठीएवढ्या तोंडाची मुलगी झोपली होती.

"दिवस भरायच्या आधीच झाली, काकाजी," ती हळू आवाजात म्हणाली. "दवाखान्यातून घरी आत्ताच आणलीय. इतके दिवस पाळणा रिकामाच होता. बघवत नव्हतं. आत्ता कुठे भरला, म्हणून मुदत वाढवली."

लक्ष्मीकांतजींनी घसा साफ केला. "तो पाळणा..."

"काय झालं त्याला?" ज्ञानदीपजी दचकले.

"करकरतोय."

खरंच करकरत होता. त्यांनी तेल मागवलं, कड्यांत थेंब सोडले, चहा घेतला आणि "अजून ठेवा आरामात" असं सांगून निघाले. संध्याकाळपर्यंत ॲपवर त्यांना पाच तारे मिळाले होते. दरबार गेल्यापासून पागनीस घराण्याला मिळालेला हा पहिलाच मान.

हे पाच तारे दाखवतच त्यांनी इंदिराबाईंना सगळं कबूल केलं. तारे कामी आले नाहीत.

"त्या लेकराखालचा पाळणा ओढून आणला असतात, तर मीच घरात घेतलं नसतं तुम्हाला," इंदिराबाई म्हणाल्या. "पण म्हणून काय माझ्या नातवाला कोऱ्या पाळण्यात घालायचं?"

"आधी वरवंटा ठेवतातच की त्यात. मग कोरा कसा राहील?"

"वरवंटा रडतो का? वरवंटा ओलं करतो का?"

रविवारी सकाळी इंदिराबाईंनी दुकानातला एक नवा पाळणा घरात टांगायला लावला आणि गल्लीत आमंत्रण फिरवलं: ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनी ते घेऊन या, जिलबी खाऊन जा. सोनलची जुळी आली. समोरच्या धनेश हलवायाची मुलगी आली. उदयसिंहांचा यशवर्धन तीन वर्षांचा, पाय बाहेर लोंबत होते, पण त्यालाही घातला. आणि तो काही केल्या उतरेना, म्हणून त्याला जिलबी पाळण्यातच द्यावी लागली. दुपारपर्यंत गादी पुन्हा पुन्हा बदलली गेली, पॉलिशवर पाक सुकला, आणि इंदिराबाईंनी पाळणा पास केला.

मग वरवंटा ठेवला, त्यानंतर नातू. मानसीच्या नणंदेनं त्याच्या कानात नाव सांगितलं आणि पोरानं असा सूर लावला की पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या.

लक्ष्मीकांतजी मात्र पाळणा निरखत होते. "अहो, एका दिवसात पाच पोरं झोपली यात," ते बायकोच्या कानाशी लागले. "आता याला ॲपवर..."

इंदिराबाईंनी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

"ओढा. हळू. आणि तो मोबाईल इकडे द्या."