हाय की नाय

गव्हाणच्या बळीरामला बसून खायचे दिवस आले, आणि नेमकं बसणंच त्याला जमेना.

त्याचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार पाडायचं, बांध फुटला तर चिखलात उतरून बुजवायचा, मीठ धरलं की उन्हात ओढून ढीग लावायचे. दिवसभर पायावर उभा असणारा माणूस. मग मिठागर गेलं. तिथं आता पत्र्याची गोदामं झाली आणि मोबदल्यात बळीरामच्या वाट्याला नवीन पनवेलात एक इमारत आली. खाली दुकानं, वर भाडेकरू. लोक त्याला शेठ म्हणायला लागले, आणि शेठ घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायला लागले.

करून पाहायचं असं त्यानं काही बाकी ठेवलं नाही. भजनी मंडळात गेला, तर मंडळी दुसऱ्या कडव्यात असताना हा अभंग संपवून टाळ खाली ठेवायचा. निवडणुकीला उभं राहायचं डोक्यात घेतलं, पण पहिल्याच बैठकीतून मधेच उठून घरी आला. चहा तो उभ्यानं बशीत ओतून प्यायचा. बोलण्यातही तेच, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचं उत्तर तयार. बायको हौसा म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी हाय नि तोंडाला त्याहून मोठी."

अशा माणसाला शिडाच्या होडीचं वेड लागलं, हे पुष्कळांना खरंच वाटलं नाही. झालं असं, की त्याच सेक्टरात राहणारे सत्यजीत आणि त्यांची बायको किशोरी, ते निवृत्त इंजिनिअर, ती निवृत्त शिक्षिका, यांनी उतारवयात शिडाची होडी चालवायला शिकून मुंबईच्या कुणाकडून तरी एक जुनी बोट विकत घेतली. फायबरची, छोट्याशा केबिनची, शांती नावाची. ती ठेवायला खाडीत जागा हवी होती. कुणीतरी बळीरामशेठचं नाव सुचवलं. बळीरामनं गव्हाणला आपल्या भावकीत शब्द टाकून जागा मिळवून दिली, ती दाखवायला म्हणून एकदा बोटीवर चढला आणि मग उतरायचं नावच घेईना.

पहिल्या खेपेला मात्र त्यानं सगळ्यांना वात आणला. न्हावे बंदरासमोर वारा पडला, बोट जागच्या जागी डुलत राहिली, आणि हा दर थोड्या वेळानं म्हणे, "मशीन लावा ना सायेब." सत्यजीत हसून म्हणाले, "शेठ, वाऱ्याला घाई नसते." बळीराम धुसफुसत पुढं डोलकाठीपाशी जाऊन बसला. मग पश्चिमेकडून हलकी झुळूक आली. त्याच्या गालाला लागली. हा वारा त्याच्या ओळखीचा होता. याच वाऱ्याची वाट बघत तो आणि त्याचा बाप मिठागराच्या बांधावर उभे राहायचे, कारण वारा आला की पाणी आटायचं आणि मीठ धरायचं. गोदामं उभी राहिली तेव्हापासून त्याला कुठल्याच गोष्टीची वाट बघावी लागली नव्हती. शीड फुगलं, बोट चालू लागली, आणि बळीराम घारापुरी येईपर्यंत एकदाही उठला नाही. त्या दिवशी त्याला फार सुख वाटलं.

तेव्हापासून दर रविवार ठरलेला. पुढच्या शिडाची दोरी बळीरामकडे, सुकाणू सत्यजीतकडे, आणि नकाशा, भरती-ओहोटी, चहाचा थर्मास किशोरीकडे. वारा पाठीमागून असताना वळायचं झालं, तर मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला फाडकन येतो. मधे माणूस असेल तर त्याचं काही खरं नाही. म्हणून वळायच्या आधी सत्यजीत ओरडून विचारायचे, "तयार?" आणि पुढून बळीराम दांड्याच्या वाटेत कुणी नाही ना ते बघून सांगायचा, "हाय." किंवा "नाय."

दिवाळी सरता सरता मुरुडपर्यंत जायचं ठरलं होतं, वाटेत मुक्काम करत. बळीराम त्या नादात होता. आणि त्याच्या थोडे दिवस आधी ते झालं.

घारापुरीहून परतत होते. वारा जोराचा, पाठीवर. मागून मोठी जहाजं ओढणारा एक टग येत होता म्हणून सत्यजीतची नजर मागं. त्यांनी विचारलं, "तयार?" त्याच क्षणी किशोरी थर्मास घेऊन केबिनमधून वर आली आणि पायरीवर उभी राहिली. बळीरामनं उत्तर दिलं. सत्यजीतनी सुकाणू वळवलं. दांडा आला तो थेट किशोरीच्या खांद्यावर. गळ्याजवळचं हाड मोडलं. थोडा वर लागता तर डोक्यातच बसला असता, हे तिघांनाही कळलं.

धक्क्याला लागल्यावर सत्यजीत पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाले, "शेठ, तुम्ही हाय म्हणालात."

"मी नाय बोललो."

"म्हणजे काही बोललाच नाहीत, की 'नाय' असं म्हणालात?"

"नाय. म्हंजे नायच बोललो."

सत्यजीत किशोरीला आधार द्यायला वळले. पण बळीरामला त्यांचं मन चेहऱ्यावर दिसलं. ज्याला प्रश्न संपेपर्यंत दम निघत नाही, त्यानं न बघताच हाय म्हटलं असणार. आठवड्यानं फोन आला. आवाज नेहमीसारखा सभ्य होता. "शेठ, किशोरीला बरं वाटलं की मुरुडला जाऊच. आमचा मुलगा वरद येतोय, तो डेंटिस्ट, पुढची दोरी तो धरेल. या खेपेला तुम्ही जरा विश्रांती घ्या."

विश्रांती! बळीरामला दुसरी कुठलीही शिवी चालली असती.

पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या. त्या आधीच्याहून वाईट होत्या, कारण आता बसणं म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, आंघोळ करताना तो पुटपुटायचा, हाय, नाय, हाय, नाय. आधी त्याला पक्की खात्री होती. किशोरीताईंचं डोकं दिसलं आणि तोंडातून नाय आलं, असं त्याला डोळ्यांपुढं दिसायचं. पण शब्द घोळवून घोळवून त्याचा पार चोथा झाला, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आता आपल्यालाच दोन्ही सारखे ऐकू येतायत. त्या दिवशी तो जेवला नाही. बोटीवरची जागा गेली ती गेलीच, आता स्वतःवरचा भरवसाही चालला होता.

दुसऱ्या दिवशी हौसा आत मिक्सर लावून वाटण वाटत होती. तिनं आतून विचारलं, "भाकरी टाकू का?" बळीरामनं बाहेरून उत्तर दिलं. मिक्सर बंद करून ती पदराला हात पुसत दारात आली आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"बोललो ना एकदा," तो वैतागला.

"काय बोललाव?"

"नाय बोललो."

"मंग? मना काय समजलं?" हौसा म्हणाली. "लगीन झाल्यापासून मी उगाच येतंय का भायेर? तुमचा हाय नि नाय मना भिंतीआडून कवा समजलाच नाय. म्हणून तोंड बघाया येतंय."

बळीराम ताडकन उठला. चपला कशाबशा पायात सरकवून तो थेट सत्यजीतच्या दारात.

"सायेब, माझ्या गच्चीवर चला. मॅडमना बी घ्या."

त्याचा अवतार बघून नाही म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळचा वारा सुटला होता, भाडेकरूंचे कपडे दोरीवर फडफडत होते. बळीरामनं सत्यजीतना वाऱ्याच्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभं केलं आणि स्वतः गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला. किशोरी गळ्यातल्या पट्ट्यात हात अडकवून प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्याच्या शेजारीच बसली.

"इचारा आता," तो ओरडला.

"तयार?"

बळीरामनं उत्तर दिलं. सत्यजीत म्हणाले, "हाय म्हणालात."

"चूक," किशोरी म्हणाली.

"तयार?"

बळीरामनं पुन्हा उत्तर दिलं. "आता नाय म्हणालात."

"चूक."

वारा पहिलं अक्षर खाऊन टाकत होता आणि मागं नुसतं 'आय' उरत होतं. सत्यजीत कधी बरोबर यायचे, कधी चूक, पण ते सगळं अंदाजपंचे चाललेलं होतं हे त्यांनाही कळत होतं. शेवटी ते वळले, चालत बळीरामपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं, शेठ. माझा कान खोटा निघाला. मग त्या दिवशी तुम्ही नायच म्हणाला होतात तर."

हेच ऐकायला तो इतके दिवस तळमळत होता. नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. मुरुड समोर होतं.

"मना नाय म्हाईत," बळीराम म्हणाला. "आधी म्हाईत व्हतं. आता नाय. तुमचा सवाल संपायच्या आधीच माजं तोंड उघडतं, ही माजी खोड जुनी हाय. नाय बोललो असंन. हाय बी बोललो असंन."

मग किशोरी म्हणाली, "आणि न सांगता मी पायरीवर का उभी राहिले, ते मला कुणीच विचारत नाही." शिक्षिकाच ती, तिनं लगेच पुढचं काढलं. "हाय राहू दे. नकाराला दुसरा शब्द हवा, वाऱ्यात न हरवणारा. काय घ्यायचा?"

सत्यजीत म्हणाले, "नको." बळीराम म्हणाला, तो पण 'नाय'चाच भाऊ. तेवढ्यात हौसा चहाचा ट्रे घेऊन जिना चढून वर आली. कशावर काथ्याकूट चाललाय ते तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी घरात यांना जल्मभर एकच शबुद बोलताव. थांबा. कवा ऐकला नाय, पन ऐकू मात्र जातो."

किशोरीला हसू आवरेना आणि हसलं की खांदा दुखत होता. शब्द ठरला. वरदला काही अडचण आली, की आणली गेली, ते बळीरामनं विचारलं नाही.

हाड सांधलं आणि थंडी पडली तेव्हा ते मुरुडला निघाले. खांदेरीचं बेट मागं टाकलं तसा दुपारचा वारा पाठीमागून भरला. पुढं जाळ्याचे बोये पाण्यावर डुलताना दिसायला लागले, त्यांच्या आधी वळायला हवं होतं. सत्यजीत ओरडले, "तयार?"

बळीरामचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं ते मिटलं आणि मागं बघितलं. किशोरी केबिनच्या दारात होती, एक हात जपत, दुसऱ्यानं कठड्याला धरून.

"थांबा," तो ओरडला.

बोये जवळ येत होते. सत्यजीत बोयांकडं बघत होते, पण सुकाणू त्यांनी हलवलं नाही. किशोरी सावकाश खाली उतरली, बसली, पाय आत ओढून घेतले. बळीरामनं पुन्हा एकदा नीट पाहिलं. ती नीट बसली होती. मगच त्यानं हात वर केला.

"हाय."

दांडा डोक्यावरून खणकन पलीकडं गेला. शीड दुसऱ्या बाजूला फुगलं आणि बोये डाव्या अंगाला निघून गेले. बळीरामनं दोरी अडकवली आणि डोलकाठीला पाठ टेकून पाय पसरले. गालाला वारा लागत होता. मागून किशोरीनं थर्मास दाखवला आणि विचारलं, "शेठ, येता का इकडे चहाला?"

"थांबा जरा," बळीराम म्हणाला. "आत्ताच बसलोय."