दुसरं वाढणं

पत्रिकेनं, हुंड्यानं आणि भाऊबंदकीनं मिळून आमच्या परभणी जिल्ह्यात जेवढी स्थळं मोडली नसतील, तेवढी आमच्या मामांनी एकट्यानं, जेवता जेवता मोडली आहेत.

मामा वालूरचे. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत कुठंही मुलगी द्यायची म्हटली की घर पाहायला आधी मामांना धाडायचं, हा रिवाज माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. घर पाहायला गेलेली बाकीची माणसं जमीन विचारतात, विहिरीत डोकावतात, मुलाचा पगार आडून आडून काढून घेतात. मामांना यातल्या कशातच रस नाही. ते हातपाय धुऊन पाटावर बसतात, समोर येईल ते मुकाट्यानं जेवतात आणि मग ताट चार बोटं पुढे सरकवून म्हणतात, "जरा वरण वाढा अजून." एवढं बोलून मान वर करतात आणि वाढणारीच्या तोंडाकडे टक लावून बघतात. निकाल तिथंच लागतो. "पहिलं वाढणं रीतीचं असतंय, दुसरं मनाचं," हे त्यांचं शास्त्र, आणि त्याला अपील नाही.

पूर्णेला एका रेल्वेवाल्याच्या घरी बासुंदीचा बेत होता, घरात फ्रीज होता, मुलगा देखणा होता. मामांनी दुसऱ्यांदा वरण मागितलं आणि मुलाच्या आईनं वाढण्याआधी एकदा पातेल्यात डोकावून बघितलं. झालं! मामांनी आचवून पान खाल्लं, सगळ्यांना रामराम केला आणि बाहेर येऊन मुलीच्या बापाला सांगितलं, "हितं जमायचं न्हाई." बाप महिनाभर मामांशी बोलला नाही. ती मुलगी पुढे झरीला दिली, पत्र्याच्या घरात. आज ती एवढी सुखवस्तू झाली आहे की मामा तिच्याकडे जेवायला गेले की त्यांनाच "बास" म्हणावं लागतं. माझ्या सासरी तर मामांनी तीनदा कढी मागितली. सासूबाईंचं तोंड तिन्ही वेळा हसरं राहिलं म्हणून मी आज या घरात आहे, पण "तुझ्या मामानं त्या दिवशी आमाला कोरडा भात खायला लावला," हे मला अजून ऐकावं लागतं.

बरं, हे शास्त्र सोयरिकीपुरतं ठेवावं की नाही? मामा तेराव्याला गेले तरी दुसरा लाडू मागतात. मेलेल्याची मुलं पुढे भांडणार की नीट राहणार, हे म्हणे त्यावरून कळतं. एका सरकारी कचेरीत त्यांनी साहेबाकडे दुसरा चहा मागितला होता. साहेबानं घड्याळाकडे बघितलं आणि मामा काम न करून घेताच घरी आले. त्यांनी एकाच माणसाची परीक्षा कधी घेतली नाही, ती म्हणजे माझ्या लेकीची, ऋतुजाची. बाजाराच्या दिवशी मामा परभणीला आले की आमच्याकडेच जेवणार, आणि त्यांचं ताट पुढे सरकायच्या आत ही कार्टी पळी घेऊन हजर.

तर या ऋतुजानं नर्सिंग केलं, चार बुकं जपानी शिकली आणि म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला जपानला निघाली. घरात रणकंदन झालं. शेवटी आमच्या ह्यांनी नेहमीची पळवाट काढली. "मामा हो म्हणले तर जा." आता जपानला मामांना पाटावर कोण बसवणार? मी मनातून खूश होते. खोटं कशाला बोलू, एकुलती एक पोर सातासमुद्रापलीकडे जाऊ नये असंच मला वाटत होतं. पण मामांनी टोपी मांडीवर ठेवून विचार केला आणि विचारलं, "त्यांचं जेवण हितं कुठं मिळतंय का?"

मिळत होतं. परभणीच्या नव्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर रामेनचं दुकान निघालं होतं. दुसऱ्याच दिवशी मामा धुतलेलं धोतर, कडक टोपी आणि खांद्याला पिशवी अशा थेट घर पाहायच्या थाटात हजर झाले. पिशवीत भाकरी आणि ठेचा, कारण परक्या गावी मामा शिदोरीशिवाय जात नाहीत आणि मॉल हे त्यांच्या मते परकं गाव. मामा, ऋतुजा, हे आणि मी असे चौघं बसलो. वाडगे आले. "एवढ्या भांड्यात तर आमी वासराला पाणी पाजतोत," मामा म्हणाले. मग दोन काड्या उचलून न्याहाळल्या. "या कशाला? पत्रावळ टाचायची हाय का?" ऋतुजानं काड्या धरून दाखवल्या. मामांनी त्या आदरानं बाजूला ठेवल्या आणि चमचा मागवला. नूडल्स बघून मात्र ते गंभीर झाले. "शेवया गूळ-दुधात खात्यात गं. मटणाच्या रश्शात बुडवायची अक्कल कुनाची?" पण पहिला भुरका मारला आणि वाडगा जवळ ओढला. दुसरा मारला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं मोबाइलवरून मान वर केली. तिसऱ्याला सगळ्या मॉलला कळलं की वालूरचे मामा जेवायला बसले आहेत.

वाडगा अर्धा झाला. मामांनी तो चार बोटं पुढे सरकवला.

"जरा रस्सा वाढा अजून."

काउंटरवरच्या मॅनेजरनं मान हलवली. "सूप नुसतं मिळत नाही, आजोबा. दुसरा बाउल घ्यावा लागेल." मामांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि सावकाश टोपी सारखी केली. ही नकाराची खूण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला जे हवं होतं तेच झालं होतं. पण समोर ऋतुजा काड्या हातात धरून तशीच बसली होती, डोळे भरलेले. तिचं ते तोंड बघून मला माझाच राग आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक तिशीतली बाई हातात पातेलं घेऊन बाहेर आली. चपट्या नाकाची, गोरी, कपाळावर घाम. मॅनेजर काही म्हणायच्या आत तिनं वाडगा काठोकाठ भरला आणि हसली. "और लगे तो बोलना, बाबा." मामा बघतच राहिले. मग त्यांनी आपलं ठेवणीतलं हिंदी काढलं. "कां के हो तुम, बेटी?" ती दार्जिलिंगकडची निघाली. आई गावाकडे. दोन वर्षं घरी गेली नव्हती. "खाना खाए क्या तुम?" "बाद में, बाबा. दुकान बंद करके."

मामांनी पिशवी उघडली. बाहेरचे पदार्थ आणू नयेत अशी पाटी बरोबर त्यांच्या डोक्यावर होती. त्यांनी एका भाकरीवर ठेचा ठेवून ती तिच्या हातात दिली. तिनं उभ्याउभ्या खाल्ली, नाक पुसलं, डोळे पुसले आणि विचारलं, "और एक है?"

आम्ही तिघंही मामांच्या तोंडाकडे बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षा मामांची होती! एकाच दिवशी दहा स्थळं जुळावीत तसे ते हसले आणि भाकरीचं सगळं फडकंच तिच्या ओंजळीत ठेवलं.

जिना उतरताना म्हणाले, "जाऊ द्या पोरीला. कुनाची तरी लेक एवढ्या लांबून येऊन आपल्याला वाढायलीय. मग आपल्या लेकीला तिकडं कुनीच का वाढनार न्हाई?"

ऋतुजा गेली. फोनवर मामा तिला पगार विचारत नाहीत, थंडी विचारत नाहीत. "पुन्यांदा मागितलंस का?" एवढंच विचारतात. एकदा तिनं जेवता जेवता फोन फिरवून वाढणारी म्हातारी दाखवली. ती मामांना बघून नमस्काराला कमरेत वाकली. मामांनीही इकडे टोपी काढून मान वाकवली आणि मला हळूच म्हणाले, "तोंड चांगलं हाय."

परवा बाजाराला आले होते. जेवता जेवता त्यांनी सवयीनं ताट चार बोटं पुढे सरकवलं. ऋतुजाच्या जागी मी पळी घेऊन उठले, तर त्यांनी हात आडवा धरला. "बास. झालं माजं." मान काही वर केली नाही. मीही आग्रह केला नाही. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही, तेच बरं झालं.