नारिंगी त्रिकोण

न्यूझीलंडच्या रानात वाट दाखवायला माणूस नसतो. झाडांच्या खोडांवर ठोकलेले तळहाताएवढे नारिंगी त्रिकोण तेवढे असतात. निघताना तिथल्या कचेरीतल्या बाईंनी मला बजावलं होतं, "त्रिकोण दिसेनासा झाला तर पुढे जाऊ नका. शेवटचा जिथे दिसला, तिथे परत या." मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, विचारू की कुणाला तरी.

सह्याद्रीत तीस वर्षं मी अशीच भटकले. वाट चुकली की हाक द्यायची, "ओ मामा, गडाची वाट कुठली?" मग गुरं राखणारे कुणी मामा उठायचे आणि काठीने डोंगर दाखवायचे. मला वाटायचं, आपल्याला डोंगर कळतात. कळत होते ते मामांना.

इथे दुसऱ्याच दुपारी त्रिकोण हरवला. सवयीने मी "ओ मामा" अशी हाक दिली. शेवाळलेल्या झाडांनी ती गिळून टाकली. मग निमूट मागे फिरले, ओढा पुन्हा ओलांडला, शेवटच्या त्रिकोणापाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच रान नीट पाहिलं. पुढचा त्रिकोण डावीकडे, एका फांदीआड होता. ऊन असतानाच मुक्कामाच्या झोपडीवर पोचले. माझी मी पोचले.

सकाळी उतरताना दोन परदेशी मुली धापा टाकत वर येताना भेटल्या. हातात नकाशा, चेहरे गोंधळलेले.

"झोपडीची वाट कुठली?" त्यांनी विचारलं.

मी ऐटीत काठी उचलली आणि डोंगर दाखवला.