पाठमोरी बाई

तोकितो नोबुए भुतांच्या चित्रकथा काढतात, पण गेलं वर्षभर त्यांना खरी भीती वाटत होती ती चहाच्या कपाची. कुणासमोर उचलला तर हाताची थरथर दिसेल, म्हणून पाहुणे जाईपर्यंत त्यांचा चहा तसाच गार व्हायचा.

नेरिमा उपनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मी चित्रांमधली पार्श्वभूमी काढते: भिंती, जिने, विजेच्या तारा. मी मुळात इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली. माणसं मात्र सेन्सेईंची. या धंद्यात मुख्य चित्रकाराला सगळे सेन्सेईच म्हणतात. त्यातही पात्रांचे डोळे त्यांनीच काढायचे, सगळ्यात शेवटी. मदतनिसाने डोळ्याला हात लावला तर ते पान परक्याचं झालं असं समजतात.

साकाता बंदरातून आलेल्या नोबुएंनी आधी दुसऱ्या चित्रकारांच्या पानांवरच्या पेन्सिलीच्या रेघा खोडल्या, मग प्रेमकथा काढल्या. पण त्यांची नायिका लाजून बघायची तरी वाचक दचकायचे. शेवटी त्यांना भुतांच्या मासिकात धाडलं. तिथे त्या डोळ्यांनीच त्यांचं नाव झालं.

आणि आता बुबुळाचा गोल निघेना. डॉक्टर म्हणाले, थरथर वाढतच जाणार. सेन्सेईंनी माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही. कपडे धुवायच्या दुकानात यंत्राकडे तोंड करून उभी असलेली एक बाई त्यांनी काढली. दर अंकात ती पाठमोरीच. डोळे काढायलाच नकोत. पण वाचक जास्तच घाबरले. ही वळणार कधी, असं विचारू लागले.

"सेन्सेई, तुमची बाई भलतीच लाजाळू हो!" संपादक उशिओदा तांदळाची बिस्किटं कुरतडत म्हणाले.

"वळेल. घाई काय आहे?"

"घाई कशी नाही? मुखपृष्ठावर छापून टाकलंय, या अंकात ती वळणार!"

सेन्सेई हसल्या. टेबलाखाली त्यांनी उजवा हात डाव्याने गच्च धरला होता.

पानं न्यायच्या दिवशी दुपारीच उशिओदा येऊन स्वयंपाकघरात बसले. एकच पान उरलं होतं. पान उलटलं की अख्ख्या कागदावर तिचा चेहरा. केस झाले होते, ओठ झाले होते. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

सेन्सेईंनी टाक शाईत बुडवला. दौतीच्या काठावर निब टकटक वाजू लागली. त्यांनी घाबरून दाराकडे पाहिलं.

"चिनात्सु, तू काढ," त्या कुजबुजल्या.

"मला फक्त धुवायची यंत्रं जमतात, सेन्सेई."

"मग त्यांच्या दारांची भोकं काढतेस ना गोल? तशीच काढ."

"ती मी कागद फिरवून काढते. हात हलवतच नाही."

मी हे बोलून गेले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

सेन्सेईंनी दोन्ही कोपरं टेबलावर रोवली. दोन्ही मुठींत टाक आवळून सगळा भार निबवर दिला. टोक कागदाला टेकलं आणि स्थिर राहिलं.

"मी सांगेन तेवढंच फिरव. हळू... गाढवे, हळू! थांब. आता मागे."

कागद माझ्या बोटांखाली सरकत होता. माझा एक झटका आणि त्यांचं सगळं आयुष्य फाटलं असतं. रेघ जाड येत होती, ओबडधोबड, मध्येच कागद खरवडत जाणारी. त्यातून एक डोळा उघडला. तो लाजत नव्हता, रागवलेलाही नव्हता. त्याला आम्ही दिसत होतो.

"झालं का हो?" उशिओदांनी दार सरकवलं.

आम्हाला हलता येईना. त्यांनी आधी पान पाहिलं आणि ते एक पाऊल मागे गेले.

"अगं आई! झाका हिला."

मग त्यांची नजर टाकाभोवतीच्या मुठींवर गेली.

"कधीपासून, सेन्सेई?"

"या बाईने पाठ फिरवली तेव्हापासून."

"म्हणजे आम्हाला वर्षभर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मला हे वर सांगावं लागेल."

"सांगा ना. मालिका काढून घ्या माझ्याकडून." सेन्सेईंचा आवाज चिरकला, पण मुठी सुटल्या नाहीत. "फक्त दुसरा डोळा मला काढू द्या."

उशिओदा बिस्किटाचे हात पँटला पुसत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी कागदाचा पलीकडचा कोपरा धरला. त्यांची बोटं माझ्या बोटांना गार लागली.

"कुठल्या बाजूला फिरवायचं?" त्यांनी विचारलं. पहिला डोळा तेवढ्यात त्यांच्याकडे वळल्यासारखा वाटला.