इंजिनाचा कौल

सगळं जग पळण्यासाठी गाडी घेतं. माझ्या थोरल्या साडूंनी ती उभी करून ऐकण्यासाठी घेतली. असा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही आणि होऊही नये, असं आमची ही, म्हणजे त्यांची मेहुणी, त्यांच्या तोंडावर म्हणायची. साडू वकील. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमारास कुणा जहागीरदाराच्या वारसांकडून त्यांनी एक जुनी विलायती मोटार उचलली. आठवडाभर ती कोर्टात जायची आणि रविवारी गावाबाहेरच्या माळावर सरळ पट्टीत चार हौशी लोकांच्या गाड्यांशी शर्यत लावायची. ती पहिली आली काय न् शेवटची आली काय, साडूंना सोयरसुतक नसायचं. बाकीचे नारळ फोडत असायचे आणि हे बॉनेट उघडून, बाह्या सावरून, आत वाकलेले असायचे.

त्यांचा सगळा जीव स्लोमध्ये. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन आपलं आपण हळू चालत राहतं, त्याला गॅरेजवाले स्लो म्हणतात. शर्यतीच्या गाडीला हे जमत नाही. ती उभ्याउभ्या थडथडते, नाहीतर गप्पकन बंद पडते. साडूंना मात्र तीच गाडी माळावर सुसाट आणि दारात शांत हवी होती. "पळायला काय, कुणीबी पळतंय. हुबं असताना जित्तं ऱ्हायला पायजे की," असं मला ऐकवायचे. त्यासाठी कार्बोरेटरचे दोन स्क्रू. एक पाव फेरा आत, दुसरा केसभर बाहेर, आणि स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावून डोळे मिटलेले. दिवाळीला आम्ही जेवायला जावं, पानं वाढून आमटी गार व्हावी, आणि यजमान इंजिनात. बरं, बोलायची सोय नाही. कुणी भांडं आपटलं तरी बॉनेटखालून हात बाहेर यायचा, गप्प बसा म्हणून.

पुढं पुढं त्यांनी स्लो इतका खाली आणला, की एक ठोका पडल्यावर दुसरा पडेपर्यंत अंगणातली माणसं श्वास धरायची. गेली बंद पडली, असं वाटावं, आणि मग कुठून तरी लांबून आल्यासारखं 'टुक्' व्हावं. खरं सांगतो, मला तो आवाज कधीच सोसला नाही. मांजरं उबेला कुठल्याही गाडीखाली शिरतात. ही गाडी चालू असली की गल्लीतली मांजरं भिंतीवरून जायची.

साडूंचं मूळ गाव आजऱ्याकडं. तिकडं काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. मूर्तीला उजवीकडं-डावीकडं ओली फुलं चिकटवायची, गुरवानं मोठ्यानं प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आता कोल्हापुरात घरबसल्या गुरव कुठला आणायचा? साडू चालू इंजिनाच्या डोक्यावर तगरीची दोन ओली फुलं ठेवायला लागले. न्यायाधीशापुढं बोलावं तसं खणखणीत विचारायचे, अमक्याची बांधाची केस घेऊ का. इंजिन थरथरायचं, फूल घसरायचं. एकदा माझ्या देखत, मला न विचारता, मी टेबलफॅन घ्यावा का हेही विचारून टाकलं. डावं पडलं. आमच्या हिनं ते प्रमाण मानलं आणि अख्खा उन्हाळा मी घामात काढला. मी हसायचो खरा. पण मुरगूडच्या एका धडधाकट पक्षकाराच्या वेळी डावं पडलं, साडूंनी त्याला परत पाठवला, आणि केसच्या पहिल्या तारखेआधीच तो माणूस झोपेत गेला. त्यानंतर मी अंगणात हसलो नाही.

मग आक्का आजारी पडल्या. आक्का म्हणजे साडूंची बायको, आमच्या हिची थोरली बहीण. हृदयाची झडप बिघडली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पण त्यातून उठतीलच अशी खात्री कुणी देईना. आक्का भ्यायल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या गाडीला विचारा, ती म्हणेल तसं करू.

भर दुपारी साडूंनी गाडी चालू केली. इतकी वर्षं ज्याच्यामागं लागले होते तो स्लो नेमका त्याच दिवशी हाताला लागला. इंजिन चालतंय हे बॉनेटखालच्या पंख्याकडं बघूनच कळत होतं. फुलं ठेवली. साडूंचे नुसते ओठ हलले, प्रश्न कुणालाच ऐकू आला नाही. फुलं जागची हलेनात. त्यांच्यावरचं पाणी वाळत आलं. शेवटी साडूंनी चावी फिरवून बाहेर काढली. चावी त्यांच्या हातात मी बघितली. आणि इंजिन चालूच. टुक्. मग बराच वेळ काही नाही. टुक्. डावं फूल खाली पडलं आणि मग इंजिन थांबलं. तापलेल्या इंजिनात काजळी धरली की असं होतं, असं पुढं एका मेकॅनिकनं मला समजावलं. समजलं सगळं, पण अंगावरचा काटा जायचा तो गेला नाही.

आक्कांनी उंबऱ्यातून बघितलं होतं. कौल नाही म्हणाला, असं म्हणत त्या आत वळल्या. साडूंनी मात्र बॉनेट लावलं, हात पुसले आणि त्यांना म्हणाले, आवर, मिरजंला जायचं. मला राहवेना. कौल तर नाही म्हणतोय, आता कशाला, असं मी बोलून गेलो. त्यांनी मला गाडीच्या पलीकडं नेलं.

"पावणं, ही जगंल का म्हनून मी इचारलंच न्हाय. हिच्यामागं माझं भागंल का, येवढंच इचारलं."

आपल्याला असा प्रश्न कधी सुचला नाही, याचं वाईट वाटत राहिलं.

आक्का उठल्या. चांगल्या ठणठणीत होऊन पुढं बरीच वर्षं साडूंशी भांडत राहिल्या. साडूंनी परत कधी फुलं ठेवली नाहीत, शर्यतीचा नादही सुटला. संध्याकाळी तेवढा स्लो लावायचे आणि आक्का मागच्या सीटवर बसून मेथी निवडायच्या. एका थंडीत, बसल्याजागी, आक्का गेल्या.

तेरावं झालं. पावणेरावळे पांगले, आम्ही दोघं मागं राहिलो. संध्याकाळी साडू उठले, गाडी चालू केली आणि मागच्या सीटवर आक्कांच्या जागी जाऊन बसले. हिनं खिडकीतून बघितलं. म्हणाली, बसू देत, तेवढाच जीव रमेल. आम्ही चहा घेतला, आक्कांच्या गोष्टी काढल्या, हसलोसुद्धा. बाहेरून ठोका येत होता, थांबत होता, परत येत होता. मला पहिल्यांदाच तो आवाज बरा वाटला. दिवेलागणीला ही त्यांना हाक मारायला गेली आणि तिथूनच तिनं मला बोलावलं. साडूंचे डोळे मिटलेले, हात गार. किती वेळ झाला होता, सांगता येत नव्हतं. इंजिन चालू होतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.